सरासरी अकरा, एक पोतं वीस

कळंब, मंगळवार संध्याकाळ

सोयाबीनच्या दहा पोत्यांची ओल मीच मोजली होती. नऊ पोती दहा टक्के, एक वीस. सरासरी अकरा, बाराच्या मर्यादेत, म्हणून माल घ्या असं मीच म्हणाले. आज गोदामात थप्पी उकलली, तर त्या एका पोत्यानं शेजारची चार तापवलेली, बुरशी धरलेली. वीसचा आकडा वहीत होता. दिसूनही का सोडला?

माझ्याआधी खरेदी बघणारे गोदामाचे मालक अण्णा हसले. "माय, आमी गाडीच्या तळाचंच पोतं आधी बघायचो. तुझी सरासरी कुठल्या पोत्यात हाय, दाव की."

आता खरेदीचं काम माझ्याकडून काढून घेतील असं वाटलं. जाताना पोत्यात खुपसून नमुना काढायची परखी त्यांनी माझ्याच हातात दिली.

वहीत सरासरीशेजारी रकाना आखला: सर्वांत ओलं पोतं. पहिली नोंद, वीस.