पातं वीतभर वर

प्रिय डेल यास,

लेनर्डचा सप्रेम नमस्कार. तिकडे ॲरिझोनात तू आणि ग्लोरिया खुशाल असाल, तुझा गुडघा आता कुरकुर करत नसेल आणि तुम्ही ज्याला थंडी म्हणता ती एका स्वेटरात भागत असेल, असं धरून चालतो. इथे आम्ही दोघं बरे आहोत. आईंचा खोकला गेला, आवाज तेवढा राहिला. माझंही चाललंय. एप्रिलपासून कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो आणि विचारणारा तेवढ्यावरच सोडतो. त्याबद्दल मी इथल्या सगळ्यांचा आभारी आहे.

पत्रास कारण तुझा फोन. घरापासून सडकेपर्यंतची आपली वाट या हिवाळ्यात एकदा जरी बर्फाने बंद पडली, तरी तू विमानाने येऊन आईंना कायमचं तिकडे नेणार, असं तू बजावलंस. तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. मी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, त्यामुळे या वयाच्या बाईच्या दारापर्यंत रुग्णवाहिका पोचली पाहिजे हे मला कळतं. तेव्हा वाट उघडी राहावी म्हणून मी काय काय केलं, ते सविस्तर कळवतो.

दरवर्षी वाट तुझी बहीण साफ करायची, हे तुला ठाऊक आहेच. मार्लिसच्या ज्या जुन्या गाडीला बर्फ ढकलायचं पातं होतं, त्या गाडीचा सांगाडा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्ला आणि ऑगस्टमध्ये ती अंगणात उभ्या उभ्या मधोमध वाकली. पातं मात्र ठणठणीत. उरली तिची दुसरी गाडी, चिखलातून आणि ओंडक्यांवरून हिंडायची. ती मार्लिसने स्प्रिंगांवर ठोकळे चढवून आणि ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं लावून एवढी उंच केलेली आहे, की आईंना बसवायचं तर स्वयंपाकघरातलं स्टूल न्यावं लागतं. (दर रविवारी चढताना आई विचारतात, ‘‘अहो, चर्चला नेताय की थेट वरच?’’) सीट मी अजून मागे सरकवलेली नाही. मार्लिस बुटकी होती, माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. पण चालवता येते.

तर या गाडीला ते पातं बसवायचं, असं मी ठरवलं. सोबतचं माहितीपुस्तक म्हणतं की हे काम दोन माणसांचं आहे. दुसरा माणूस म्हणून आई खिडकीत कॉफी घेऊन बसल्या. मी गाडीखाली पाठीवर पडून सांगाड्याला भोकं पाडली, पात्याची चौकट बोल्टांनी आवळली आणि पात्याच्या पंपाच्या तारा जोडल्या. तारा जोडताना थोडी गफलत झाली. उजवीकडे वळायचा दिवा लावला की पातंही आज्ञाधारकपणे उजवीकडे वळायचं. (हे मला गावात, बँकेसमोर कळलं.) ते दुरुस्त केलं. मग अंगणात येऊन पातं खाली सोडलं. ते सावकाश, मोठ्या रुबाबात उतरलं आणि जमिनीच्या वीतभर वर थांबलं. गाडी उंच, म्हणून चौकट उंच, म्हणून पातंही अधांतरी. बर्फावरची हवा तेवढी स्वच्छ झाली असती.

आता खरा वैताग ऐक. शेजारचा वेर्नर नीमी आला. खिशात हात घालून त्याने गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, ‘‘चालेल,’’ म्हणाला आणि गेला. मग पास्टर आले. तेही ‘‘चालेल’’ म्हणाले. मग वेल्डिंगवाला रुडी पेल्टो आला. तो सगळ्यात जास्त वेळ थांबला, दोन कप कॉफी प्याला, पात्याखालून त्याचा कुत्रा आरपार गेला तो त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि तरीही ‘‘चालेल’’च म्हणाला. आपल्याकडे चालेल म्हणजे काय, हे तुला तिकडे राहून विसरायला झालं असेल. गार कॉफीला चालेल, मापात न बसणाऱ्या कोटाला चालेल. म्हणजे नाही, पण ते सांगणारा मी कोण. मी हे लहानपणापासून जाणतो. तरी मला होकार ऐकायचा होता, म्हणून मी होकार ऐकला.

पातं ज्या साखळीला टांगलेलं असतं, ती मी लांब केली. पातं जमिनीला टेकलं, पण चवड्यावर उभं राहिल्यासारखं. पहिला बर्फ पडला तेव्हा मी वाटेवर गाडी घातली. पात्याने बर्फ ढकलायचा, तर ते बर्फावर चढलं आणि त्याच्या मागे गाडीचं नाकही चढलं. काचेतून मला नुसतं आभाळ दिसत होतं. त्या अवस्थेत गाडी बाजूला घसरत गेली आणि आईंच्या रुबार्बच्या वाफ्यात उतरली. माती अजून गोठली नव्हती. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ तास पडलं. खिडकी उघडली आणि आवाज आला, ‘‘जावईबापू, नांगरलंच आहे तर बटाटेही लावून घ्या!’’

वेर्नर ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्याने मला बाहेर ओढलं. दोर गुंडाळताना म्हणाला, ‘‘उंच आहे.’’

‘‘मग तेव्हा का नाही बोललास?’’

‘‘तू विचारलं नाहीस.’’

‘‘अरे, चालेल म्हणालास तू!’’

‘‘म्हणालो की.’’

त्यानंतर मात्र सगळ्यांना कंठ फुटला. ठोकळे काढ, गाडी खाली घे, तासाभराचं काम आहे, असं पेट्रोल भरताना अनोळखी माणसंसुद्धा सांगू लागली. रुडी तर नट-बोल्टचे पाने घेऊनच आला. मी म्हटलं, ‘‘ठोकळे काढायचे नाहीत.’’

‘‘का?’’

‘‘नाही काढायचे.’’

त्याने पाने परत पेटीत टाकले. मग म्हणाला, ‘‘हं. चौकट खाली घेऊ.’’ आणि त्याने चौकटीखाली दुसरी चौकट वेल्ड केली. आता गाडी, हरवलेला चष्मा शोधायला वाकलेल्या ताडमाड माणसासारखी दिसते. ओंडका सोडाच, ती आता जाडसर फांदीही ओलांडू शकत नाही. पण बर्फ ढकलते. गुरुवारच्या वादळानंतर मी सडकेपर्यंतची सगळी वाट मोकळी केली. (आधी सौनाची, शनिवारची वाफेची आंघोळ चुकू नये म्हणून. आई म्हणाल्या, ‘‘सडक कुठे पळून जात नाही, शनिवार येतोय.’’) पुढे बर्फाला जागा राहावी म्हणून कडेचे ढीगही लांबवर सारले. त्यात आपली टपालपेटी गेली, तेव्हा उत्तर वेर्नरच्या पत्त्यावर पाठव.

एकूण काय, वाट उघडी आहे, तुझी अट पाळली गेली आहे आणि तिकिटाचा खर्च करण्याचं काही कारण नाही. ग्लोरियाला नमस्कार सांग.

तुझा,
लेनर्ड

ता. क. त्या फोनवर तू आईंना विचारलंस, ‘‘आई, इकडे राहायला येतेस का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘चालेल.’’ मग तू मला विचारलंस, ‘‘मी तिला नेलं तर चालेल ना?’’ मीही म्हणालो, ‘‘चालेल.’’ ग्लोरियाने खोली रंगवायला घेतली आहे असं कळलं. रंगाचं काम थांबवता येत असेल तर बघ.

ता. क. २. मार्लिस गेल्यावर मी आईंचा कोण लागतो, हे मला नीटसं ठाऊक नाही. तू मुलगा आहेस, तुझा हक्क मोठा. पण या घरात तिचं नाव मोठ्याने घेणाऱ्या आता त्या एकट्याच आहेत. मार्लिस असं करायची, मार्लिस असं नाही करायची, हे दिवसभर चालू असतं. मला ते नाव अजून तोंडाने घेता येत नाही, लिहिता येतं. त्यांना नेऊ नकोस.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आईंनी कोणाला पत्र म्हणून विचारलं. तुला, म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘त्याला लिहा, वाट बंद आहे.’’ मी म्हटलं, अहो, वाट मोकळी आहे, मी स्वतः केली, आणि बंद आहे असं कळवलं तर तो तुम्हाला न्यायला येईल. त्यावर त्यांनी माझ्याकडे, मी गाडीखालून बाहेर आलो की बघतात, तसं बघितलं. ‘‘बंद वाटेने नेणार कसा? लिहा. मेपर्यंत बंद आहे.’’