आईच्या कड्याचा साचा

प्रिय अनारकान एजे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. काराकोलहून ओशला पोस्टाने पाठवलं तर ते पोचेपर्यंत आपली नातवंडं म्हातारी होतील, म्हणून शेजारणीच्या जावयाबरोबर, ओरोझबायबरोबर, देतोय. त्याला चहा न पाजता पाठवू नकोस. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते तसंच आरशामागे खोचशील, हे मला ठाऊक आहे. खोच बापडी, पण आधी वाच. तू आमची एजे, थोरली बहीण, आणि माझ्याशी नि धाकट्या तुर्सुनायशी शेवटचं बोललीस त्याला चौदा महिने झाले. आता तुर्सुनायच्या लेकीचं, आपल्या बेगायिमचं, लग्न सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ठरलंय. आई नाही, म्हणजे पोरीला निरोप द्यायचा मान तुझा. तुर्सुनाय रोज मला, आपल्या थोरल्या भावाला, एकच विचारते, "बायके, एजे येईल ना?" मी गॅरेजमधल्या कुठल्यातरी डब्यात डोकं घालतो आणि ऐकू न आल्यासारखं करतो.

गॅरेजचं तसंच चाललंय. दवाखान्यात चौतीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, आता निवृत्त होऊन लोकांच्या गाड्यांच्या आणि यंत्रांच्या कवळ्या करतो, असं तू म्हणायचीस. खरंच आहे ते. परवा एकाच्या मोस्कविचचा मागचा लाल दिवा फुटला होता. दुसऱ्या बाजूच्या दिव्यावरून साचा घेतला आणि लाल रेझिन ओतून तसाच करून दिला. मालकाने तो उजेडात धरून इतका वेळ बघितला की मीच म्हटलं, "अहो, गाडीला लावा, त्याला मुका काय घेताय!" खिम्याच्या यंत्राची दांडी अॅल्युमिनियमची ओतली. तुझ्या धुण्याच्या मशीनचं बटण मीच करून दिलेलं आहे, ते अजून फिरतं का? शेजारच्या गॅरेजमधले सवेली काका आता ऐंशीला आले. पूर्वी कारखान्यात ओतकामासाठी लाकडी नमुने करायचे. ते स्टूल टाकून बसतात आणि माझ्या चुका मोजतात. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये व्हॅसलीन लावायला विसरलो. रबर रबराला असं चिकटलं की साच्याची वीटच झाली, आणि आतला नमुना आतच राहिला. काका म्हणाले, "तेमिरकुल, ठेव जपून. तुझ्या थडग्यावर लावायला बरी पडेल." अशा माणसाच्या शेजारी बसून मी काम शिकलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ओतलेली वस्तू थंड होताना आवळते, म्हणून नमुना नेहमी केसभर मोठा करायचा. ते मी ऐकलं होतं, आणि लोकांना ऐटीत सांगतही होतो.

आता कड्याबद्दल. आई कणीक मळायला बसली की आधी मनगटावरचं कडं चाचपायची. चांदीशिवायच्या हाताचं अन्न जेवू नये, असं तिचं म्हणणं. लहानपणी तिला कणकेचे फुगीर बोरसोक तळताना बघायला मी चुलीपाशी बसायचो तेव्हा ते कडं पिठात पांढरं व्हायचं आणि ती ते ओठांनी फुंकायची. अखंड गोल, वर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, आणि एका बाजूला बादली आदळून आलेला पोचा. तिने ते तुला कबूल केलं होतं, थोरली म्हणून. तुर्सुनायलाही कबूल केलं होतं, शेवटची सहा वर्षं तिने केलं म्हणून. आई खोटारडी नव्हती, एजे. समोर जी लेक असेल तिला नाही म्हणायचा तिच्यात जीव नव्हता. मी मुलगा, मला काही कबूल केलेलं नव्हतं, त्यामुळे मी मध्यस्थ झालो. मध्यस्थाला अक्कल असतेच असं लोक का धरून चालतात, कोण जाणे.

आई गेल्यानंतर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आलेले पाहुणे गेल्यावर तुम्ही दोघी भांडी धूत होतात. तू म्हणालीस, "कडं मी घेऊन जाईन म्हणते." तुर्सुनायच्या हातातलं पातेलं तसंच थांबलं. "एजे, आई मला म्हणाली होती." "मला वीस वर्षांपूर्वी म्हणाली होती." "मग वीस वर्षांत किती वेळा आलीस तिला बघायला?" पुढे काय बोललात ते मी लिहीत नाही, तुम्हा दोघींना पाठ आहे. मी मध्ये पडलो आणि छाती फुगवून म्हणालो, दुसरं कडं मी करतो, हुबेहूब, दोन्ही पांढऱ्या कापडात बांधून ठेवतो, रविवारी डोळे मिटून उचला, आणि खरं कुठलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. तुम्ही दोघी दमला होतात, म्हणून हो म्हणालात. मला वाटलं मी किती शहाणा!

काम मात्र मी जीव ओतून केलं. कड्याभोवती मऊ रबर ओतून साचा घेतला. या वेळी व्हॅसलीन विसरलो नाही. साच्यात मेण ओतलं, मेणाच्या कड्याभोवती प्लास्टर भरलं, दवाखान्याने भंगारात काढलेल्या छोट्या भट्टीत मेण जाळून काढलं आणि त्या पोकळीत घरातल्या जुन्या चांदीच्या चमच्यांचा रस ओतला. प्लास्टर पाण्यात टाकून फोडलं तेव्हा आतून शिंगं निघाली, पोचा निघाला, आईच्या झिजलेल्या कडेवरचा बारीकसा ओरखडासुद्धा निघाला. सवेली काकांनी भिंग लावून बघितलं आणि पहिल्यांदाच एकही चूक मोजली नाही. त्या दिवशी मी शिट्टी वाजवत घरी गेलो.

रविवारी तुम्ही कापडं उचललीत. तू ओशला गेलीस आणि महिन्याभरात तुझा फोन आला. आईचं कडं तिच्या मनगटावर फिरायचं, तुझं मात्र साबण लावल्याशिवाय चढत नाही. (तुझं मनगट भरलं असेल असं म्हणायचा मोह मला झाला होता, पण ओश कितीही लांब असलं तरी तुझा हात मला माहीत आहे.) मग तू ते बाजारातल्या सोनाराला दाखवलंस. तो म्हणाला, "नक्षी जुनी, चांदी नवी. हे ठोकून केलेलं नाही बाई, ओतलेलं आहे. आतून बघा, बारीक भोकं." झालं. तुझं नकली, म्हणजे तुर्सुनायचं खरं. आम्ही दोघं एका गावात राहतो, म्हणजे आम्ही संगनमताने तुला फसवलं. तुर्सुनायने शपथा घेतल्या. तू म्हणालीस, "शपथा नकोत, मला आता भावंडंच नाहीत." त्यानंतर फोन बंद. आणि मी, ज्याला एका वाक्यात हे सगळं थांबवता आलं असतं, तो गप्प बसलो.

ते वाक्य आता लिहितो. एजे, तुर्सुनायचं कडंही खरं नाही.

शुक्रवारी दुपारी मी दोन्ही कडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आदल्या दिवशीची ऐट पाच मिनिटांत उतरली. माझं कडं केसभर लहान होतं. काकांनी शिकवलेलं सगळ्यांना सांगत फिरणारा मी, आईच्याच कड्याच्या वेळी विसरलो होतो की साच्याला मोठं करता येत नाही, त्याला जे दिलं तेच तो घेतो आणि ओतल्यावर ते आवळतं. एकावर एक ठेवलं तर आईच्या कड्याची कड सगळीकडून बाहेर दिसत होती. डोळे मिटून उचललं तरी तुला कळलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर आलं, एक बहीण खरं घेऊन जाईल आणि दुसरी जन्मभर माझं घालून बसेल. जोवर एक खरं आहे तोवर दुसरी रडणार. मग मी काय केलं असेल ते तू मला ओळखतेस म्हणून तुला कळलंच असेल. मी त्याच रबरी साच्यातून मेणाची दोन कडी काढून प्लास्टरात तयार केली, आणि चांदीची दोन्ही कडी मुशीत घातली.

टाकणखार टाकला, ज्योत लावली. माझं कडं लगेच बसलं. आईचं उभं राहिलं. लाल झालं, शिंगं तशीच दिसत होती, पोचा दिसत होता, आणि मला वाटलं अजून चिमट्याने काढता येईल. मी काढलं नाही. मग ते एका बाजूने कललं आणि गेलं. मी ज्योत धरून रडत होतो, एजे, आणि रडताना हात हलू नये म्हणून कोपर टेबलाला टेकवलं होतं, कारण चांदी थंड झाली असती तर सगळंच फुकट गेलं असतं. त्या एका रसातून दोन ओतली. तुझ्याकडे आहे त्यात आईची चांदी अर्धी आहे, तुर्सुनायकडे आहे त्यातही अर्धी. मला वाटलं होतं याहून न्यायाची वाटणी कुणी केली नसेल. पण न्याय करायचा अधिकार मला कुणी दिला होता? तुम्हा दोघींना मी विचारलंसुद्धा नाही. आईचं कडं जगात नाही, आणि ते मी घालवलं. तुला फसवलं ते मी एकट्याने. तुर्सुनायला यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

हे सगळं मी आणखी दहा वर्षं पोटात ठेवलं असतं, इतका मी भित्रा आहे. पण आज सकाळी तुर्सुनाय गॅरेजमध्ये आली. मनगट लाल झालं होतं, साबण लावून ओढून काढलं होतं तिने. कापडात बांधलेलं कडं माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बायके, हे ओशला पाठव. खरं माझ्याकडे आलं असेल तर ते एजेला जाऊ दे, मला काय करायचंय. तिला म्हणावं, कडं ठेव आणि लग्नाला ये." मी ते निमूटपणे पाठवलं असतं तर तू विरघळली असतीस, लग्नाला आली असतीस, आणि मी सुटलो असतो. दुपारपर्यंत मी तसंच करायचं ठरवलं होतं. पण मग तुर्सुनायने आपल्या हातातून काय काढून दिलं हे तुला कधीच कळलं नसतं. म्हणून तिला समोर बसवून आधी सगळं सांगितलं. तिने कडं पुन्हा कापडात बांधलं आणि मला म्हणाली, "तरी पाठव." ओरोझबाय पत्राबरोबर तेही देईल. माझ्यावर हवं तितकं चीड, लग्नात माझ्याकडे पाठ करून बस, पण ये. तुझ्या मशीनच्या बटणाइतकीच किंमत आहे त्या कड्याला, एजे, ते माझ्याच हातचं आहे. पण सकाळी तुर्सुनायने ते दिलं तेव्हा आईचं म्हणून दिलं.

दोघींचा अपराधी, तरीही तुझाच,
तेमिरकुल