खिडकीबाहेरचा हात

३ जानेवारी १९५८
मुंबई कोणाची, यावर सगळे बोलतात. तिचा रस्ता जिवंतपणी ओलांडायचा कसा, यावर कोणी नाही. म्हणून एकवीस तारखेला महिला मंडळात वाद: बेफाम मोटारी कशाने आवरतील, कायद्याने की लोकशिक्षणाने? मी शिक्षणाच्या बाजूने. समोर बकुळा, माझीच विद्यार्थिनी, आता वकील. निबंधात कच्ची होती.
निश्चय: त्याआधी लायसन्स काढून सभेला स्वतः मोटार चालवत जायचे.

५ जानेवारी
शिकवायला माझगावचा पास्कल. क्लच हळू सोडा म्हणाला. तीस वर्षे मुली शिकवल्या, मला सूचना एकदा पुरते. गाडी सात वेळा बंद पडली. क्लच जुना आहे.

९ जानेवारी
हाताच्या खुणा पाठ. हात आडवा, उजवीकडे वळते. वर, थांबते. मागून पुढे हलवला, तुम्ही पुढे जा. सोपे आहे.

१४ जानेवारी
वेळ वाचावा म्हणून भाषणाची तालीम गाडीतच. पास्कलचे म्हणणे, एका वेळी एकच काम करा. परळभर लोकांनी फार मान दिला. मी हात उचलला की मागच्या गाड्या थांबतात. समाज शिकतो तो असा.

१६ जानेवारी
लालबाग. ‘नागरिकहो, पुढे या’ या वाक्याला हात बाहेर गेला. मागची टॅक्सी पुढे आली. मी नेमकी उजवीकडे वळले. टॅक्सी हातगाडीवर. इजा फक्त केळ्यांना. टॅक्सीत बकुळा.
दगडू हवालदार म्हणाला, “बाई, खटला नको असेल तर शनिवारी चौकीत पोरांचा वर्ग असतो. त्यांच्याबरोबर बसून खुणा शिका.”
पोरांबरोबर, मी! खटला भरा म्हटले.

२१ जानेवारी
लायसन्स नाही. सभेला बसने. माझे भाषण उत्तम झाले. बकुळा उठली आणि एवढेच म्हणाली, “बाईंपुढे परवा दोन्ही वाटा होत्या. त्यांनी कोणती धरली, त्यांनाच विचारा.”
हशा. मते: तिला एकेचाळीस, मला तीन. त्यांतले एक बकुळाचे. मास्तरणीची लाज राखली म्हणे.

२४ जानेवारी
आज गाडीत तोंड बंद, दोन्ही हात चाकावर. पास्कल म्हणाला, आज पहिल्यांदा नीट चालवलीत. शिक्षणाचा परिणाम, मी म्हटले. कसले शिक्षण, त्याने विचारले. नीट समजावून सांगू लागले. हात बाहेर गेला.
पुन्हा दगडू. या वेळी खटला भरला तर कोर्ट मोटारीला हात लावू देणार नाही म्हणाला.
उद्या आठ वाजता वर्ग. पाटी आणायला सांगितली आहे.