खंडेनवमीची पेटी

सेक्टर १५, चंदीगड
खंडेनवमी

राजस,

दरवर्षी अवजारांची पेटी तू स्वतः आणतोस. यंदा ड्रायव्हरबरोबर पाठवलीस आणि फोनवर म्हणालास, "ताई, बंद पेटीलाच हळदकुंकू वाहा. दिवाळीपर्यंत तुझ्याकडेच राहू दे." बंद पेटीची पूजा बाबांनी कधी केली नाही. मी कुलूप तोडलं. पक्कड, टेस्टर, मीटर निघाले आणि तळाशी पिवळ्या टेपात गुंडाळलेलं पिस्तूल.

सीमेवरच्या त्या गावात तू सरकारी योजनेतले पथदिवे बसवतोस. मागच्या महिन्यात तिथल्या शेतात सीमेपलीकडून आलेल्या ड्रोनने अशाच पिवळ्या टेपातली शस्त्रं टाकली, तेव्हा रस्त्याचे दिवे बंद होते. ट्रान्सफॉर्मर उडाला, असं तू सांगितलंस. पण बातमीच्या फोटोत घराघरांत दिवे चालू होते. म्हणजे रस्त्याचे दिवे मुद्दाम बंद केले होते.

कदाचित तुला कोणी धमकावलं असेल. मग ते मला का सांगितलं नाहीस?

हे पत्र पाठवत नाही, वाचून तू यायचा नाहीस. उद्या दसऱ्याला जेवायला ये, एवढाच मेसेज करते. पाटावर सगळी अवजारं मांडली आहेत, मध्ये पिस्तूलही आहे. ते पाहून तुझा चेहरा कसा होतो, त्यावरून फोन पोलिसांना करायचा की वकिलाला, ते ठरवेन.

अजून तरी तुझीच,
ज्ञानदाताई