साखळीचं दुसरं टोक

फाउंड्री रस्ता
मंगळवार, २२ ऑक्टोबर १९७४

प्रिय टेओफिल,

तुझं कार्ड जुलैत आलं आणि उत्तर आत्ता लिहितोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. कारणं पुष्कळ आहेत. ऑगस्टमध्ये दाढ काढली. मग धुराडं तुंबलं, आणि ते साफ करायला आलेला माणूस शिडी विसरून गेला. ती कुणी चोरेल म्हणून मी पंधरा दिवस घराबाहेर पडलो नाही. शिवाय मी सहावीतून उठून फाउंड्रीत गेलेला माणूस. पत्र म्हटलं की पहिल्या ओळीलाच मला घाम फुटतो.

तू कसा आहेस? लेकीच्या घरी पुरेशी ऊब असते का? त्या नवीन घरांना भिंती कागदाच्या असतात. गळ्याभोवती काहीतरी गुंडाळत जा. तुझी बहीण बरी आहे. आत्ता चर्चच्या हॉलमध्ये बायकांबरोबर पिएरोगीच्या करंज्या वळायला गेली आहे. जाताना म्हणाली, "म्हाताऱ्या, आज तरी लिही. मी काय तुम्हा दोघांची पोस्टमन आहे?" म्हणून बसलोय.

इथलं सांगायचं तर तुझ्या त्या नव्या फुटबॉल लीगशिवाय गावात दुसरा विषय नाही. मी काही बघायला जात नाही, वेळ कुणाला आहे, पण सॉसेजवाला गस जे सांगतो ते ऐकून माझं पित्त खवळतं. जुन्या लीगला उभं राहायला पन्नास वर्षं लागली. लोक चिखलात खेळले, दात पाडून घेतले, रेल्वेने उपाशी घरी आले. आणि हे एप्रिलमध्ये उगवले आणि जुलैत म्हणतात, आम्ही बरोबरीचे! नाव मोठं, लक्षण खोटं. तो तुमचा मालक हॅकबी, पांढऱ्या बुटांचा. आपल्या गावात जो पांढरे बूट घालून फिरतो त्याला एकतर चिखल ठाऊक नाही, नाहीतर त्याला गाडीतून उतरायचंच नाही.

संघाचं नाव काय, तर कॉमेट्स. धूमकेतू! माझी आजी म्हणायची, धूमकेतू दिसला की दार लावून घ्यावं. शेपूट हे एवढं लांब, आणि डोकं कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. चेंडू म्हणे लिंबाच्या रंगाचा, अंधारून आलं तरी दिसावा म्हणून. पाऊस आला की तो रंग सुटतो आणि सगळ्या खेळाडूंचे पंजे बदकाच्या पायांसारखे पिवळे. बेकरीत पाव घेतला की तिकीट फुकट. गसच्या एका गिऱ्हाइकाने पाव ठेवून घेतला आणि तिकीट परत केलं. भोंग्यावरून ओरडतात, "आज वीस हजार प्रेक्षक!" सरोवरावरून आलेले पक्षी धरले तरी वीस हजार होणार नाहीत.

आणि मैदान! जुनं बेसबॉलचं मैदान भाड्याने घेतलं, पण चेंडू फेकणारा उभा राहतो तो मातीचा उंचवटासुद्धा नीट खणून काढला नाही. धावणारा गडी तिथे आला की होडीसारखा वर जातो आणि खाली येतो. बाकांना तर आदल्या दिवशी रंग दिला होता. माझ्या करड्या पँटचं वाटोळं झालं, तुझी बहीण अजून टर्पेंटाइन लावून घासते आहे.

म्हणजे एकदा गेलो होतो. गसकडे जास्तीचं तिकीट होतं. वाया कशाला घालवायचं.

जुन्या लीगमधल्या आपल्या क्लबचं ठीक चाललंय. यंदा गवत चांगलं आहे.

तू एप्रिलमधल्या त्या शुक्रवाराचा राग अजून धरून आहेस का? तुझी बहीण म्हणते, धरलेला नाही. पण तुझ्या कार्डावर "तब्येतीला जप" एवढंच होतं, आणि खाली नुसती सही. सव्वीस वर्षं रविवारी दुपारी माझ्यापासून दहा यार्डांवर उभा राहिलेला माणूस एवढंच लिहितो तेव्हा मी काय समजायचं?

मी त्या दिवशी जे बोललो ते रागात बोललो, पण खोटं नाही बोललो. हॅकबी चर्चच्या हॉलमध्ये आला, आपण मासे खात होतो, आणि त्याने विचारलं की मापाची साखळी धरायला माणसं हवीत, सामन्याला दहा डॉलर आणि सँडविच. क्लबने तर आधीच बजावलं होतं की तिकडे जो काठी धरेल त्याला इकडे जागा नाही. तरी तू हात वर केलास! मी म्हटलं, आपल्याला क्लब पैसा देत नाही, वाटीभर सूप देतो, पण आपण कोण आहोत ते बघ. चार डावांत चेंडू दहा यार्ड पुढे गेला की नाही ते कोण ठरवतं? पंचाने हात केला की आपण दोघं काठ्या घेऊन आत धावतो, तू मागची, मी पुढची, मधली साखळी ताणली जाते आणि साठ हजार माणसं श्वास रोखून धरतात. तेवढा वेळ महापौर गप्प, पाद्री गप्प, दारुडे गप्प. ते सगळं तू सँडविचसाठी विकलंस. येशूला विकताना यहूदाने निदान चांदीची तीस नाणी तरी घेतली होती!

गसच्या नाकातून बियर आली. सगळा हॉल हसला. तू माशाचे काटे ताटलीच्या कडेला लावलेस, तोंड पुसलंस आणि म्हणालास, "दहा यार्ड तिथेही दहाच असतात, कॅझ. तूही चल. मी दोघांचं बोलून ठेवलंय."

मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, टपाल खात्याला लाज वाटेल.

आता तुझी बहीण आली. बाकीचं उद्या.

बुधवार

काल पत्र टेबलावर राहिलं आणि तुझ्या बहिणीने वाचलं. मी म्हटलं, दुसऱ्याचं पत्र वाचू नये. ती म्हणाली, "यात वाचण्यासारखं आहे काय? चेंडूचा रंग! त्याला खरं कधी लिहिणार?"

"सगळं लिहिलंय."

"गवत चांगलं आहे म्हणून लिहिलंयस. तुला कुठून दिसलं गवत?"

बायको चाळीस वर्षं घरात असली की अशी बोलते. पण लिहितो.

मी यंदा क्लबमध्ये नाही. पहिल्या सामन्याआधी ऑफिसातल्या प्रेंटिसने बोलावून घेतलं. तोच तो, हनुवटीपर्यंत कल्ले वाढवलेला, ज्याला चेंडू फुगवलेला असतो हेसुद्धा सांगावं लागतं. कॉफी दिली, पण बस म्हणाला नाही. "मिस्टर ब्रोझेक, आपण सगळे इथे एका कुटुंबासारखे आहोत." मी म्हटलं, मग जेवायला कधी येताय? तो हसला नाही. म्हणाला, विमावाल्यांचं म्हणणं आहे की मैदानाच्या कडेला साठीच्या वरचं कुणी नको. कुणी अंगावर येऊन आदळलं तर भरपाई कोण देणार. मी म्हटलं, एकोणसाठ साली अख्खा बचावपटू माझ्या अंगावर पडला होता आणि उठताना त्यानेच माझी माफी मागितली होती. तर म्हणतो, "कमाल आहे," आणि घड्याळ बघतो.

मग त्याने दोन तिकिटं दिली, अगदी वरच्या मजल्यावरची, खांबामागची. तिथून निम्मं मैदान दिसतं. दुसऱ्या निम्म्यात काय झालं ते शेजाऱ्याला विचारायचं. माझी काठी आता प्रेंटिसच्या साडूकडे आहे. ती तो अशी धरतो, जशी पार्टीत कुणाची तरी छत्री सांभाळायला दिलीय. या लोकांना क्लब म्हणायचं! मी तुझ्या लीगला शिव्या देतो, पण ती निदान नवी आहे. नवं माणूस मूर्ख असतं, ठीक आहे. यांना पन्नास वर्षं मिळाली होती शहाणं व्हायला.

आता यापुढचं मला लिहायचं नव्हतं. मी दारापर्यंत गेलो तेव्हा प्रेंटिस मागून म्हणाला, "तुम्हाला धक्का बसला नसेल म्हणा. तुमच्या मेव्हण्याला एप्रिलमध्येच दोघांचं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, कॅझला मीच सांगतो."

मी म्हटलं, "हो, त्याने सांगितलं मला."

असं म्हटलं मी, टेओ. त्या कल्लेवाल्यासमोर दुसरं काय म्हणणार होतो?

बस चुकवली आणि घरापर्यंत चालत आलो. म्हणजे त्या शुक्रवारी तुला माहीत होतं. आपल्या दोघांना काढून टाकलंय हे पोटात ठेवून तू मासे खात बसला होतास. हॅकबीला तू आधीच गाठून दोन जागा मागितल्या होत्यास. मी अख्ख्या हॉलसमोर तुला यहूदा म्हटलं तेव्हा तुला एकच वाक्य बोलायचं होतं, की कॅझ, तुझा क्लब तुला हाकलतोय. लोक तुझ्याऐवजी मला हसले असते. तू बोलला नाहीस. मला याचाही राग आला, हे लिहून ठेवतो. तू कोण माझी इज्जत राखणारा? मग तो राग गेला. मग दाढ दुखायला लागली.

तुझी बहीण म्हणते, बोललेलं सगळं परत घे. मी अर्धं घेतो. हॅकबीबद्दलचं राहू दे.

आणि सामन्याला मी एकदा गेलो नाही. इथे झालेल्या सगळ्या सामन्यांना गेलो. पाव आम्हाला लागतोच, तिकीट त्याबरोबर येतं. टोपी ओढून तुझ्या समोरच्या बाजूला बसतो. मागच्या शनिवारी तू पडलास तेव्हाही होतो. पंचाने मापायला बोलावलं, तू काठी बरोबर उचललीस, पाय टाकलास, आणि दुसऱ्या टोकाचा तो टायरविक्या आधी गर्दीकडे बघून हात हलवतोय, मग एकदम ससा पळावा तसा पळतोय! साखळीला झटका बसला आणि तू त्या मातीच्या उंचवट्यावर हातापायांवर आलास. लोक हसले. फुकट पावावर आलेले लोक, त्यांना काय कळतं! मी बाकावर उभा राहिलो आणि ओरडलो, "अरे गाढवा, त्याच्या पावलाला पाऊल जुळव!" तू वर बघितलंस. मी खाली बसलो. तू ओळखलंस की नाही ते मला ठाऊक नाही. गुडघा कसा आहे? कोमट पाण्यात मीठ टाकून शेक. लेकीला सांगितलं नसशील, सांग.

तू उठलास, काठी उभी केलीस, पंचाने साखळी ताणली. चेंडू बोटभर कमी पडला. ते मी तिथूनही बघितलं. सगळे कॉमेट्सवाले पंचाच्या अंगावर धावून गेले, हॅकबी स्वतः पांढऱ्या बुटांनी मैदानात आला आणि तुला म्हणाला असणार, जरा पुढे सरकव, मैदान आपलंच आहे. तू काठी हलवली नाहीस. तुझ्या हाताकडे बघून मला कळलं. दहा म्हणजे दहा. तेवढं तुझं खरं होतं.

आता विचारायचं ते विचारतो. पेपरात आलंय की ही लीग नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत टिकत नाही. दोन संघ बंद पडले, एका संघाचे कपडे धोब्यानेच अडकवून ठेवले. हॅकबी पैसे आणायला टेक्सासला गेलाय, म्हणजे गेलाच. मी आधीच म्हणालो होतो, आणि माझं मत बदललेलं नाही. लीग भिकार आहे, चेंडू भिकार आहे, भोंग्यावरचा माणूस खोटारडा आहे. पण शनिवारी, दोन तारखेला, इथल्या मैदानावरचा शेवटचा सामना आहे, आणि तो झाला तर तुझ्या साखळीला दुसरं टोक हवं. टायरविक्याला लोकांना हात हलवायचेच असतील तर तो बाकावर बसून हलवू शकतो. माझे गुडघे एका दुपारपुरते आहेत. दहा डॉलर नकोत. सँडविच कशाचं असतं ते मात्र कळव, मला मोहरी चालत नाही.

आणि जागा दिली गेली असेल, किंवा तुलाच मी नको असेन, तरी तसं कळव. मी येईनच, पण या वेळी तुझ्या बाजूच्या बाकावर बसेन. टोपी डोळ्यांवर ओढून तुझ्याकडे बघत बसणं आता माझ्याने होत नाही.

शनिवार जवळ आलाय. पत्राला वेळ लागेल असं वाटलं तर फोन कर. तुझी बहीण उचलेल आणि हवामानाचं काढेल. तिला थांबव आणि म्हण, कॅझला दे. मी फोनजवळच बसलोय. उशीर करू नकोस, टेओ.

तुझा
कॅझ