हद्दीचा दगड

मार्च १९३१, शिमग्याचे दिवस

आज ओढ्यापर्यंत जाऊन आलो आणि तेव्हापासून तो दगड डोळ्यांसमोरून हलत नाही.

मूळचं हे लाकडाचं ठाणं. साग भरून गाड्या खाडीकडे जायच्या, म्हणून या जंगलात वस्ती झाली, आणि वस्ती झाली म्हणून म्युनिसिपालिटी. हद्द आखणाऱ्यांनी ओढ्याअलीकडे चुना फासलेला मोठा दगड रोवला. ठाकरवाडी पलीकडे राहिली, म्हणजे तिला म्युनिसिपालिटीची विहीर नाही. दगड वाडीच्या पुढे न्यावा म्हणून मी वर्षभर बाकीच्या सभासदांशी भांडलो. गेल्या सभेत सगळे कसेबसे कबूल झाले.

आणि काल काय झालं? गावदेवीची पालखी वाडीकडे निघाली. तिला कसली हद्द! चढावर भोई दमले आणि त्यांनी पालखी टेकवली ती नेमकी त्याच दगडावर. आज बघतो तर दगड गुलालाने लाल, पुढे नारळ फोडलेला. वाडीतली ठकीबाय उन्हाळाभर ओढ्यात झरा उकरून पाणी भरते. तीच दगडाभोवती शेणाने सारवत होती.

म्हटलं, "ठकीबाय, हा दगड पुढे न्यायचाय. मग तुम्हाला विहीर मिळेल."

तिने कानांना हात लावले. "न्हाय दादा. देवी बसली हाय हितं. आता कोन हलवील?"

खरंच, कोण हलवील? म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांना सांगितलं तर त्यांनी बसल्या खुर्चीतूनच दगडाच्या दिशेने हात जोडले. भक्तीने की सुटल्यासारखं वाटून?

आणि मी तरी? तिच्याशी विहिरीचं बोलत होतो तेव्हा, कुणी सांगितलं नसताना, मी वहाणा काढून उभा होतो.