बाबांना कोणी सांगितलं

लाडके एर्मिन,

सगळ्यांत आधी टपकली शेजारची क्लोटिल्ड, बोलावलं नसताना! मागोमाग पोर्ट ऑफ स्पेनचे नाटकवाले. तुझ्यावर नाटक बसवतायत, आपल्या गावातून लंडनच्या रंगमंचावर गेलेली पहिली बाई म्हणून. नाटकात तुझं काम करणारी पोरगी तुझ्यासारख्याच ढांगा टाकते गं, नारळाची भाकरीही तशीच हादडते.

तिनं विचारलं, "आजी, एर्मिनआजी कॅलिप्सो गाण्यांच्या तंबूत गातात, हे तुमच्या बाबांना कोणी सांगितलं? बाबांनी घराबाहेर काढलं ना त्यांना?"

"चहाडखोरांना काय तोटा!" क्लोटिल्ड म्हणाली.

साठ वर्षं मीही हेच म्हणत आले. आज म्हटलं, "मीच सांगितलं. तिच्या आवाजाचा हेवा वाटायचा."

पोरीनं माझा हात धरला. "हे नाटकात घालू? एर्मिनआजीही येणारेत बघायला."

"घाला," म्हटलं. हे पत्र पोस्टात टाकायचा धीर नाही, पण तू येणार, तेव्हा नाटकातच ऐकशील! तालमीला नाटकवाले शनिवारी परत येतायत.

तुझी धाकटी बहीण,
ओडील